वाक्य जुळलं म्हणून भाषा सख्ख्या?

एक साधं वाक्य घेऊ: ‘मी भात खातो.’ जपानीत ‘वाताशी वा गोहान ओ ताबेरु’, बर्मीत ‘ङा थमिन सा दे’. दोन्हीकडे क्रियापद शेवटी. कर्त्याला जोडून जपानीत ‘गा’ येतो, बर्मीत ‘का’. एवढ्यावरून या भाषा सख्ख्या बहिणी ठरवायचा मोह होतो. आम्हाला हा युक्तिवाद कच्चा वाटतो. शब्दक्रमच पुरावा मानला, तर मराठीलाही त्याच घरात बसवावं लागेल!

बरं, अंक बघू. ‘तीन’ला जपानीत ‘सान’, बर्मीत ‘थोन’. जुळतं ना? पण ‘सान’ हा चिनीकडून उसना घेतलेला. जपानीचा स्वतःचा शब्द ‘मी’. बर्मी मात्र चिनी-तिबेटी कुळातलीच. ‘थोन’ तिच्या लिपीत आजही ‘सुं’ असा लिहितात आणि तिबेटीत तीनला ‘सुम’ म्हणतात. म्हणजे बर्मीकडे हा शब्द वारशानं आला, जपानीकडे देवघेवीतून.

म्हणून आमचं म्हणणं इतकंच: आधी उसनं बाजूला काढा, मग नातं शोधा. शेजाऱ्याकडून आणलेल्या वाटीवरून सोयरीक ठरत नसते.