व्हॅक्यूमचा धोका : तुलना कोणाशी करायची?

व्हॅक्यूम किंवा फोर्सेप्स लावून झालेल्या बाळंतपणात बाळाला किती इजा होते, हे शोधायला बसलं की टाउनर आणि सहकाऱ्यांचा १९९९ सालचा शोधनिबंध हमखास समोर येतो. तो 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला होता. कॅलिफोर्नियातल्या १९९२ ते १९९४ या काळातल्या ५,८३,३४० बाळांच्या नोंदी त्यात आहेत. आया सगळ्या पहिलटकरणी, जुळी वगळलेली, आणि बाळांचं वजन २५०० ते ४००० ग्रॅम.

कवटीच्या आतल्या रक्तस्रावाचं प्रमाण असं निघालं : आपोआप झालेल्या बाळंतपणात १९०० बाळांमागे १, व्हॅक्यूममध्ये ८६० मागे १, फोर्सेप्समध्ये ६६४ मागे १. इथेच वाचन थांबवलं तर 'व्हॅक्यूममुळे धोका दुपटीहून जास्त वाढतो' असं वाक्य सहज लिहून होतं.

पण त्याच निबंधात आणखी दोन आकडे आहेत. कळा सुरू झाल्यावर केलेल्या सिझरमध्ये ९०७ मागे १, आणि कळांआधीच केलेल्या सिझरमध्ये २७५० मागे १. म्हणजे कळांनंतरचं सिझर जवळजवळ व्हॅक्यूमच्याच रांगेत येऊन बसतं. लेखकांनी यातून काढलेला अर्थ असा, की अडलेली प्रसूती हाच या सगळ्यांमागचा समान धोका असावा.

याला संशोधनात कन्फाउंडिंग म्हणतात. आपल्या बीडच्या भाषेत सांगायचं तर, टँकर जातो त्या गावात टंचाई जास्त असते. म्हणून टंचाई टँकरने आणली असं कुणी म्हणत नाही. व्हॅक्यूमही जिचं अडलंय किंवा जिच्या बाळाचे ठोके बिघडलेत तिलाच लावतात. तिची तुलना सुखरूप मोकळ्या झालेल्या बाईशी करून काय कळणार? त्या क्षणी डॉक्टरांसमोर पर्याय असतो तो सिझरचा. तुलना त्याच्याशी हवी.

याचा अर्थ व्हॅक्यूम निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. डोक्याच्या त्वचेखाली मोठा रक्तस्राव झाला तर बाळ दगावू शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली तसा इशाराही दिला होता. आणि टाउनर यांचा अभ्यास इथेच तोकडा पडतो. तो जन्मनोंदी आणि रुग्णालयांच्या डिस्चार्जच्या नोंदी जोडून केलेला आहे. डोकं किती खाली आलं होतं, किती वेळा ओढलं, कप निसटला का, हे अशा नोंदींतून कळत नाही. धोका मात्र बराचसा त्यावरच ठरतो. शिवाय मोजमाप फक्त बाळाचं आहे, आईच्या इजेचं नाही.

आता हे आकडे बीडला लावायचे तर? पहिली अडचण वजनाची : आपल्याकडे २५०० ग्रॅमपेक्षा हलकी बाळं कमी नाहीत, आणि हा अभ्यास त्यांच्याबद्दल काहीच बोलत नाही. दुसरी अडचण नोंदवहीची. समजा, तुम्ही अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयातल्या नोंदी घेतल्या. तिथे आसपासच्या अवघड केसेस पाठवल्या जातात, त्यामुळे इजेचं प्रमाण जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा जास्त दिसू शकतं. उलट दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला गेलेल्या बायांची कारखान्याकडेच झालेली बाळंतपणं त्या वहीत सापडणारच नाहीत. भागाकारातला छेदच असा गडबडलेला असेल, तर टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत काढून उपयोग नाही.

तुलना चुकली तर त्याची किंमतही याच बायांना पडते. 'व्हॅक्यूम घातक' एवढंच पसरलं की उरतं सिझर. गर्भाशयावर व्रण असलेल्या बाईला पुढच्या खेपेला कळा सुरू झाल्या, तर तो व्रण फाटण्याचा धोका असतो. आणि त्या वेळी ती उसाच्या फडात, मोठ्या दवाखान्यापासून लांब असू शकते. तो धोका पहिल्या बाळंतपणाच्या कुठल्याच तक्त्यात येत नाही.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना 'धोका किती' याच्या आधी 'कोणाच्या तुलनेत' आणि 'कोण मोजायचं राहिलं' ही दोन उत्तरं लिहा. गाइडही पहिला प्रश्न बहुतेक तोच विचारतील.