श्रमगणना आणि वृद्धांची शुश्रूषा

काष्टी (ता. श्रीगोंदे) येथील जनावरांच्या आठवडेबाजारात बैलाचे मोल पारखून ठरते. त्याच गावी अंथरुणाला खिळलेल्या सासूची शुश्रूषा करणारी सून मात्र, रोजगारात वा त्याच्या शोधात नसल्यास, श्रमबल पाहणीत श्रमबलाबाहेर गणली जाते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीने अशा शुश्रूषेचे तास प्रथमच देशभर मोजले. ही कामगिरी थोडीथोडकी नव्हे. तथापि चोवीस तासांच्या नोंदीवरून, शुश्रूषेपायी उसाच्या वा कांद्याच्या हंगामात किती दिवसांची मजुरी बुडाली, हे उमगत नाही. मानवविकास निर्देशांकाची तऱ्हा याहून विचित्र. १९९० पासून तो वाढते आयुर्मान जमेस धरीत आला आहे. त्या वाढीव वर्षांची शुश्रूषा कोणाच्या अंगावर पडते, ते खर्ची टाकण्यास त्यात रकानाच नाही.