चहाचा पेला आणि विडंबनाची कसोटी

मूळ काव्य विस्मृत झाल्यावर त्याचे विडंबन जिवंत राहते काय? ‘केशवकुमार’ ऊर्फ प्र. के. अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहातील ‘कषाय-पेय-पात्र-पतित मक्षिकेप्रत’ ही रचना या प्रश्नाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. पाच संस्कृत शब्दांचा हा डोलारा उतरविला की उरते ती केवळ चहाच्या पेल्यात पडलेली माशी. विषय व भाषा यांतील ही विषमताच येथील हास्याचे मूळ होय. विंचूरच्या कांदाबाजारात चहा घेणाऱ्या श्रोत्यालाही ती जाणवेल. त्यासाठी काव्यपरंपरेचे ज्ञान लागत नाही. परंतु ‘प्रत’ या शब्दातील खोच केशवसुतांच्या ‘पुष्पाप्रत’सारख्या संबोधनपर कवितांशी परिचित असलेल्या वाचकालाच कळेल. लहानशा वस्तूला उद्देशून उदात्त चिंतन करण्याची रीत अनुकरणाने साचा कशी बनते, हे तो एक शब्द दाखवितो. तात्पर्य, मूळ लोपले तरी विनोद टिकतो. टीका मात्र लोपते. विडंबनाला केवळ करमणूक मानणारी समीक्षा त्याचा अर्धाच भाग वाचते. म्हणूनच अध्यापनात मूळ कविता व तिचे विडंबन शेजारी ठेवणे अगत्याचे आहे.