पियानोच्या आडची जवारी

क्वीन या रॉक बँडचा विषय निघाला की साताऱ्याकडचा माणूस दोन मिनिटांत पाचगणीवर येतो. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे १९४६ साली झांझिबारमध्ये जन्मलेला फारोख बुलसारा, लहानपणीच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. तिथे पियानो शिकला आणि शाळासोबत्यांच्या ‘द हेक्टिक्स’ बँडमध्ये सामील झाला. इथपर्यंत सगळं खरं. पुढे मात्र अभिमान कानांवर मात करतो. १९७८ चा ‘जॅझ’ अल्बम काढायचा, पहिलंच ‘मुस्तफा’ लावायचं, सुरुवातीची ती बांग दिल्यासारखी पुकार ऐकवायची आणि “बघ, पाचगणीचा संस्कार!” म्हणून मोकळं व्हायचं. अहो, ज्याची पहिली वर्षं झांझिबारात गेली, त्याला अजान ऐकायला पाचगणीच्या टेबललँडच्या पायथ्याशी कशाला यावं लागेल?

मला विचाराल तर आपल्या भागाच्या कानाला ओळखीचं काहीतरी याच अल्बममध्ये आहे, पण ते फ्रेडीच्या गळ्यात नाही. ते क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याच्या एका स्वस्तातल्या गिटारमध्ये आहे, आणि ते ओळखायला साताऱ्यापेक्षा सांगलीकडचा, त्यातही मिरजेचा कान हवा.

गाणं आहे ‘जेलसी’. रचना फ्रेडीची, संथ, पियानोवर बेतलेली. त्या पियानोच्या आडून मध्येच एक तार झणझणते. गिटारची तार अशी बोलत नाही. ती छेडली की टणकन सुरू होते आणि सरळ विरत जाते. ही मात्र छेडल्यावर फुलते. स्वर आधी येतो, त्याची झिलई मागून. तंबोऱ्याच्या शेजारी दहा मिनिटं बसलेल्या कुणालाही हे काय आहे ते सांगावं लागणार नाही. ही जवारी आहे.

मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात जवारी काढताना पाहिली असेल तर मेनं काय केलं ते लगेच कळतं. घोडीचा माथा वरून सपाट दिसतो, पण त्याला नजरेला न जाणवणारा उतार असतो. तार त्या उतारावर टेकत टेकत सुटते, थरथरताना त्याला पुन्हा पुन्हा हलकी घासते, आणि त्या घासण्यातून वरचे स्वर फुटतात. कारागीर कानस मारतो, तार चढवतो, ऐकतो, नापसंतीनं मान हलवतो, पुन्हा तार उतरवतो. केसाएवढा फरक पडला तरी आवाज बसतो किंवा फाटतो. तंबोऱ्याला तर त्यावर आणखी दोरा लागतो, तारेखाली सरकवून नेमकी जागा शोधायची. ब्रायन मेनं आपल्या गिटारची मूळ घोडी काढली, कठीण लाकडाची नवी बसवली, ती छिलून छिलून सपाट केली आणि तारांखाली गिटारच्या पडद्यांना लावतात त्या तारेचा बारीक तुकडा सरकवला. दोऱ्याचं काम त्या तुकड्यानं केलं. म्हणजे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली युक्ती या गड्यानं तिकडे स्वतःच्या छिन्नीनं साधली.

त्याच्याकडून हे होणं नवलाचं नाही. त्याची ती प्रसिद्ध ‘रेड स्पेशल’ त्यानं आणि वडिलांनी १९६३ पासून घरीच बनवलेली. दांडीचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, स्प्रिंगा मोटरसायकलच्या, आणि सूर हलवायची यंत्रणा चक्क सुरीसारख्या पोलादी धारेवर तोललेली. मिरजेची वाद्यंही एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातून घडू लागली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते त्याच हातांच्या वारसांमुळे. दोन्हींचा काही संबंध नाही, हे मलाही ठाऊक आहे. तरी धार कळणाऱ्या हाताला तारही कळते, असं वाटून जातं खरं.

‘जेलसी’तली ती जवारीची गिटार त्याआधी १९७४ च्या ‘क्वीन टू’मधल्या ‘व्हाइट क्वीन’मध्ये वाजली आहे. ते गाणं मेचं स्वतःचं. मधल्या शांत जागेत ती एकटी पुढे येते, आणि रसिक याच तुकड्यावर फिदा असतात. मला तिथे ती थोडी मिरवते असं वाटतं. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं १९६५ मध्ये ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये सतार वाजवल्यापासून रॉकमध्ये या झणकाराला एक ठरावीक अर्थ चिकटला होता. धुकं, गूढ, दूरचा देश. ‘व्हाइट क्वीन’ त्या अर्थाचा पुरेपूर फायदा घेतं. सुंदर आहे, पण अपेक्षित आहे. त्याच गाण्याचं १९७५ च्या २४ डिसेंबरचं हॅमरस्मिथ ओडियनमधलं ध्वनिमुद्रण लावा. मंचावर ती गिटार नाही. तिची जागा फ्रेडी पियानोवर भरून काढतो. झणकार गेला, धुकं गेलं, आणि चालीचा सांगाडा किती मजबूत आहे ते दिसलं.

‘जेलसी’त गिटार आणि पियानो ही दोन वाद्यं एकत्र येतात आणि म्हणून मला ते वरचढ वाटतं. इथे दूरच्या देशाचं नाव नाही. मत्सरानं पोळलेला माणूस स्वतःशी बोलतोय, आवाज कुठेही चढवत नाही, आणि त्याच्या ओळींच्या फटीत तार कुरकुरते. मनात सलणाऱ्या गोष्टीला इतका नेमका आवाज मेला त्याच्या एरवीच्या थरांवर थर चढवलेल्या गिटारींतून क्वचितच सापडला असेल.

मिरजेचा कारागीर यातही खोट काढेल. गिटारला तरफा, म्हणजे सतारीच्या मुख्य तारांखाली आपोआप गुंजणाऱ्या तारा, नाहीत, त्यामुळे जवारी फुलते पण टिकत नाही, तिच्या मागे गुंजणारं काही नाही. बरोबर आहे. ‘व्हाइट क्वीन’मध्ये ही उणीव पुढचा स्वर घाईनं येऊन झाकतो. ‘जेलसी’मध्ये घाई नाही. हेडफोन लावून ऐका: गिटारचा झणकार ओसरू लागतो तिथे पियानोचे स्वर लांबतात, आणि तरफांचं काम फ्रेडीचा पियानो करतो.