दोन गुणांचे भांडण कोणी मिटवायचे?

वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव मराठी वाचकांना माहीत आहे ते नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे. हे ‘-कर’ मोठे गमतीचे. ते मुळात रक्तावरून ठरत नाही. एकमेकांशी सोयरसुतक नसलेली दोन घराणीही गावावरून एकच आडनाव लावू शकतात.

संगणकाच्या भाषांना अशाच सोयीची गरज होती. वारसा शिकवताना आपण फळ्यावर वंशवृक्ष काढतो : प्राणी, खाली सस्तन, त्याखाली गाय. आता ‘उडणे’ कोठे लिहायचे? वटवाघूळ, चिमणी आणि टोळ तिघेही उडतात. वर लिहावे तर गायही उडू लागते, खाली लिहावे तर तीनदा लिहावे लागते. म्हणून सुटे गुण हव्या त्या वर्गात मिसळण्याची युक्ती निघाली. १९७०च्या दशकाअखेरीस एमआयटीतील ‘फ्लेवर्स’ प्रणालीने तिला ‘मिक्सिन’ म्हटले. आइस्क्रीममध्ये काजू-बेदाणे मिसळून देणाऱ्या एका दुकानावरून हे नाव आले.

पण मिसळताना भांडण होते. कुरुंद्याचे एक काल्पनिक गुरुजी घेऊ. ‘शिक्षक’ आणि ‘शेतकरी’ हे दोन्ही गुणसंच त्यांच्यात आहेत. ‘जूनचे काम काय?’ असे विचारले, तर एक म्हणतो शाळा, दुसरा म्हणतो हळदीची लागवड. मिक्सिनच्या पद्धतीत क्रम निर्णय देतो. रुबी भाषेत शेवटी जोडलेला गुणसंच जिंकतो, तोही मुकाट्याने. ओळींचा क्रम बदलला की गुरुजी शाळेऐवजी शेतात! चूक कोठे झाली हे शोधताना विद्यार्थी रडकुंडीला येतो.

२००३ साली शेर्ली, दुकास, निअरस्ट्राझ आणि ब्लॅक यांनी ‘ट्रेट’ या गुणसंचासाठी वेगळे नियम मांडले. क्रमाला महत्त्व नाही; टक्कर झाली तर ती वर्ग लिहिणाऱ्याने उघडपणे सोडवायची; वर्गाचे स्वतःचे म्हणणे गुणसंचाच्या वर, आणि गुणसंचाचे वारशाच्या वर. आम्हाला हे नियम अधिक प्रामाणिक वाटतात. लिहिणाऱ्याला चार ओळी जास्त पडतात, पण निर्णय कोणी घेतला ते वाचणाऱ्याला दिसते.

त्यांचा आणखी एक नियम मात्र आम्हाला प्रथम जाचक वाटला : गुणसंचाने स्वतःची माहिती साठवायची नाही. मग शेतकऱ्याचे एकर कोठे नोंदवायचे? प्रत्येक वर्गात पुन्हा तोच रकाना काढायचा? २०१२च्या पीएचपी ५.४ने ही अट सैल केली. कृतींची टक्कर झाली तर ती भाषा आज्ञावली थांबवते, हे उत्तमच. परंतु दोन गुणसंचांनी ‘शिल्लक’ नावाचा अगदी एकसारखा रकाना घोषित केला, तर ती दोघांना एकच रकाना वापरू देते. ‘शिक्षक’ त्यात शिल्लक रजा लिहितो, ‘शेतकरी’ शिल्लक बेण्याची पोती. लागवडीला दोन पोती काढली, की गुरुजींच्या दोन रजा गेल्या!