स्थलशोक आणि ग्रामीण कादंबरीची समीक्षा

'सोलास्टाल्जिया' ही संज्ञा ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ ग्लेन अल्ब्रेक्ट यांनी २००३ मध्ये घडवली, ती न्यू साउथ वेल्समधील हंटर खोऱ्यातल्या खुल्या कोळसाखाणींच्या संदर्भात. घरापासून दूर गेल्याने येते ती स्मरणव्याकुळता. घर सोडलेले नसताना भोवतालच ओळखीचा न उरल्याने होणारी व्यथा वेगळी. मराठीत तिला तूर्त 'स्थलशोक' म्हणता येईल. यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात ती परकी वाटू नये. उकणी, कोलारपिंपरी, घोन्सा येथील खाणींनी उपसलेल्या मातीचे डोंगर तिथल्या क्षितिजावर उभे राहिले. उरलेल्या शेतांत फुटलेल्या कापसावर कोळशाची भुकटी बसते. ज्याची जमीन संपादित झाली त्याला मोबदला असतो, निदान मोबदल्याची तक्रार तरी असते. ज्याचे धुरे शाबूत राहिले त्या शेजाऱ्याच्या दुःखाला रकानाच नाही.

हा रकान्याचा प्रश्न केवळ शासकीय नव्हे. शेतकरी-आत्महत्येनंतर द्यावयाच्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी राज्य शासनाने २००६ मध्ये ठरवलेले निकष नापिकी, कर्ज व परतफेडीचा तगादा यांभोवती फिरतात. मराठी समीक्षाही ग्रामीण कादंबरीला बहुधा हेच विचारत आली. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) तिने दारिद्र्य वाचले, विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'त (१९९१) विस्थापन, सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'मध्ये (२००२) कर्ज आणि बेकारी. ही वाचने चुकीची नाहीत. परंतु त्यांत निसर्ग एक तर पार्श्वभूमी ठरतो, नाही तर उत्पादनाचे साधन. पात्राचा आप्त तो होत नाही. शिवाय धरणग्रस्ताला गाव सोडल्याची तारीख तरी असते. वणीकडचे गाव हप्त्याहप्त्याने जाते.

येथे एक आक्षेप रास्त आहे. 'व्यथा' म्हटले की ती लादणारा दृष्टीआड होतो आणि शोषणाचे मनोविकारात रूपांतर होते. (आयात संज्ञांनी मराठीत हे काम पूर्वीही चोख केले आहे.) पण २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा ज्या शेताचा आधार त्याच शेताची धास्ती बसली. ही धास्ती कर्जाच्या परिभाषेत सांगता येत नाही आणि कर्जावाचून समजतही नाही.

'धग'मधील वऱ्हाडी संवादांची वाखाणणी बोलीचा अस्सलपणा म्हणून पुष्कळ झाली. त्या बोलीत ऋतू, शेत आणि वाट यांविषयी पात्रे काय बोलतात, याची नोंद अद्याप कोणी नीट मांडलेली दिसत नाही.