न वाळलेला कागद

जुलैत पंचगंगेच्या घाटावर जलरंग करायला बसलं की कागद वाळतच नाही. पहिला वॉश देऊन कितीही थांबा, बोट लावलं की तो गारच लागतो. वरून दुसरा रंग ठेवावा तर तो हद्द सोडून पसरतो. दीपमाळ पाण्यात विरघळते, पलीकडची झाडी आभाळात शिरते. गेल्या पावसाळ्यात माझ्या शेजारी बसलेला एक विद्यार्थी असा पसरलेला रंग चिंधीनं टिपून काढत होता, हरवलेल्या कडा परत आणायला. त्याचा हात धरावासा वाटला. कागदावर पाऊस उतरला होता. पुसल्यावर उरलं ते फक्त घाटाचं चित्र.

कोल्हापूरच्या आजच्या निसर्गचित्रावर माझा आक्षेप हाच आहे. डोळा इथला तयार आहे, हात त्याहून तयार. दळवीज आणि कलानिकेतन या कलासंस्थांच्या परंपरेत वाढलेली मुलं रंकाळा, पन्हाळा, जोतिबा अशा जागांवर बसून उजेड पकडायला शिकतात. ‘मैफल रंगसुरांची’त तर टाऊन हॉलच्या बागेत लोकांच्या देखत चित्र उभं राहतं आणि जागा ओळखू आली की दाद येते. चित्रकारावर इतकी माया करणारं गाव मला दुसरं माहीत नाही. पण दाद ओळख पटण्याशी बांधली गेली आणि चित्रकारही ओळखीपाशी थांबू लागला. जागा दिसते, त्या जागेत उभ्या असलेल्या माणसाला काय झालं, ते दिसत नाही.

आणि हे आबालाल रहमानांच्या गावात! शाहू महाराजांचा आश्रय लाभलेला हा चित्रकार कोटितीर्थाच्या काठी राहिला आणि तेच तळं वेगवेगळ्या प्रहरी रंगवत बसला. 1922 मध्ये महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं त्याच पाण्यात सोडून दिली, अशी आठवण गावात आजही सांगतात. उरलेल्यांपैकी काही टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत. जवळ जाऊन बघावं. काठाला आणि काठाच्या प्रतिबिंबाला ब्रशचा एकच हलका स्पर्श. पाणी कुठं संपलं ते सांगता येत नाही, पण पहाटेचा गारवा अंगाला लागतो. ओळखीपलीकडच्या अमूर्ताचं दार आबालालनी इथंच, कोटितीर्थावर किलकिलं केलं होतं. ते पुढं उघडलं गेलं नाही, याची हळहळ वाटते.

चित्रकार चंद्रकांत मांढरे यांची पावडर शेडिंगची निसर्गचित्रं राजारामपुरीतल्या त्यांच्या संग्रहालयात बघताना हीच वाट पुन्हा दिसते. या तंत्रात छटा छटेत मुरत जाते, धुकं हाताशीच असतं. तरी तिथंही डोंगर शेवटी डोंगरच राहतो.

आज शाहू स्मारकच्या दालनात अमूर्त निसर्गचित्रं लागतात, नाही असं नाही. पण बरीचशी उसनी वाटतात: रोलर फिरवलेला, नाइफनं टेक्श्चर उठवलेलं, मधे एक उजळ पट्टा. ही हत्यारं चित्रकार गायतोंड्यांची. त्यांनी स्वतः ‘अमूर्त’ हा शब्द नाकारला होता. 1984 च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास झेपेनासे झाले तेव्हा ते लहान कागदावर शाईनं काम करू लागले. शरीर जेवढं देईल तेवढंच चित्र. हत्यारं उचलता येतात. ही बैठक उचलता येत नाही, ती ज्याची त्यालाच घालावी लागते.

आणि अंगावरून गेलेलं आपल्याकडे थोडं आहे का? 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 55 फूट ओलांडले. धोक्याची पातळी 43 फूट. त्या पुराची चित्रं मी पाहिली, ती बहुतेक उंचावरून दिसणारी: छपरं, होडी, चकाकतं पाणी. माडीवर अंधारात बसून जिन्याची एकेक पायरी बुडताना ऐकणाऱ्याचं चित्र मला भेटलं नाही. गाळाचा वास, चार दिवस ओल्या कपड्यांत आखडलेली पाठ, यांना आकार नाही, पण रंग आहे, वजन आहे.

पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची एक आडवी रेघ राहिली होती. खाली तपकिरी, वर जुना चुना. इतकं नेमकं क्षितिज मी कुठल्याच कॅनव्हासवर पाहिलेलं नाही. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी किती आलं होतं असं विचारलं, तर बाई फूट सांगत नाही. पंजा आडवा धरून छातीला लावते आणि म्हणते, “हितपत्तूर.”